एक डोळा मिटलेल्या गाडीसाठी थांबलेल्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

पहिल्या भेटीत मी तुम्हाला 'काकू' म्हणालो होतो. तुम्ही बॉनेटखालून डोकं बाहेर न काढताच म्हणालात, "ताई म्हण, नाहीतर काहीच म्हणू नकोस. आणि तो टॉर्च जरा खाली धर." म्हणून ताई. नाव लिहीत नाही, चारचौघांत नाव घेतलेलं तुम्हाला खपायचं नाही. तुम्ही लेकीकडे राहायला गेलात, जुना नंबर आता लागत नाही, आणि आभार मानायचे तर राहूनच गेले. म्हणून हे पत्र असं जाहीर लिहितोय. कोणी ना कोणी तुम्हाला वाचून दाखवेलच.

त्या रात्री पाऊस मी म्हणत होता. माझ्या गाडीचे हेडलाइट एरवी बॉनेटमध्ये दडलेले असतात, लावले की वर उघडतात. मी पार्किंगमधून बाहेर पडायला दिवे लावले, उजवा हेडलाइट ऐटीत वर आला आणि डावा बसला तो बसलाच. एक डोळा उघडा, एक मिटलेला. मी दिव्याच्या झाकणाला नखं लावून ते वर ओढायचा प्रयत्न करत होतो. तेवढ्यात मागून आवाज आला, "अरे, तोडशील. त्याला हाताने उघडायची सोय आहे."

खरं सांगतो, राग आला होता. ही गाडी माझ्याकडे चार वर्षं होती. माझदा एमएक्स-५, दुमडत्या कापडी छताची दोन सीटची स्पोर्ट्स कार, पहिल्या पिढीची, १६०० सीसीची. गप्पांत तिचं पुराण लावायचं तर मला कोणी हरवू शकलं नसतं. १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली, वजन टनाच्या आत, बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं, 'जिनबा इत्ताई' म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत ही तिच्या घडणीमागची कल्पना, या पिढीच्या चार लाखांहून जास्त गाड्या बनल्या, १९९७ नंतर हे उघडमीट करणारे दिवे गेले ते गेलेच. सगळं तोंडपाठ. आणि दिवा हाताने उघडायची कळ कुठे असते, ते मात्र ठाऊक नाही! घोडा नि स्वार एकजीव म्हणे. स्वाराला घोड्याचे डोळे उघडता येत नव्हते.

तुम्ही आधी काय केलंत ते मला अजून दिसतं. दिवे चालूच ठेवायला लावलेत, म्हणजे चांगला दिवा वर राहील. मग बॉनेटखालच्या फ्यूजच्या डबीतून दिवे उचलणाऱ्या मोटरचा फ्यूज काढलात. मी घाईने थेट हात घालायला गेलो तर मनगट धरलंत. "मोटर मधेच फिरली तर बोटं जातील. आधी फ्यूज, मग हात." मग डाव्या मोटरच्या टोकावरची रबरी टोपी काढलीत. खाली एक गोल कळ. फिरव म्हणालात. मी फिरवतोय, फिरवतोय, काही होत नाही. वीसेक फेऱ्यांनंतर झाकण केसभर हललं आणि मग हळूहळू, झोपेतून उठवल्यासारखा, दिवा वर आला. प्रकाशाचा फ्यूज वेगळा असल्यामुळे दोन्ही दिवे लागलेलेच होते. मी तसाच दोन्ही डोळे उघडे ठेवून घरी गेलो.

दोष कशाचा होता, तेही तुम्हीच काढलंत. आदल्या आठवड्यात मी हौसेने प्रेशरच्या पाण्याने इंजिन धुतलं होतं. मोटरच्या कनेक्टरमध्ये पाणी गेलेलं, पिना हिरव्या पडलेल्या. हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही काहीच बोलला नाहीत, नुसतं बघितलंत. ते बघणं पुरेसं होतं.

पुढच्या रविवारी तुम्ही आपणहून आलात. "बाकीचं काय काय माहीत नाही ते बघू," असं म्हणत. मी चहा टाकेपर्यंत तुम्ही डॅशबोर्डच्या मधलं बटण दाबून दिवे वर-खाली करत बसला होतात. ते बटण मी धोक्याच्या दिव्यांच्या बटणाचं जोडीदार समजून चार वर्षं हातही न लावता सोडलेलं. दिवे न पेटवता नुसते वर करायचं ते बटण आहे, काचा पुसायला, बल्ब बदलायला. तुमच्या मते त्याचा खरा उपयोग लहान मुलांना डोळे मिचकावून दाखवण्याचा. यात मी तुमच्याशी शंभर टक्के सहमत आहे.

छताचं तर विचारूच नका. मागची प्लॅस्टिकची काच चेनने पूर्ण सुटते, हे मला माहीत होतं. छत खाली करण्याआधी ती सोडून सपाट आडवी ठेवायची, हे मात्र मी कधीमधी विसरायचो. तिच्यावरची ती आडवी पांढरी घडी माझीच करणी. पण छत वर ठेवून नुसती चेन उघडायची, म्हणजे ऊन डोक्यावर येत नाही आणि वारा मात्र आरपार जातो, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. आता उन्हाळाभर तसाच फिरतो.

मग तुम्ही डाव्या सीटमागच्या गालिच्यावर तळहात दाबलात आणि वास घेतलात. "पाणी कुठून येतंय?" मी म्हणालो, जुनी गाडी, कापडी छत, थोडं गळणारच. तुम्ही म्हणालात, छत गळत नाहीये, मोरी तुंबलीये. गाडीला मोरी असते हे ऐकून मी हसलो होतो. सीटच्या मागे, छत जिथे दुमडतं त्या दोन्ही कोपऱ्यांत पाणी गोळा होऊन नळीवाटे गाडीखाली, मागच्या चाकाच्या पुढे जातं. ती नळी बुजली की पाणी आत सांडतं, नाहीतर दाराखालच्या पत्र्याच्या पोकळीत उतरून आतल्या आत गंज धरतं. बाहेरून रंग ठणठणीत, आत चाळण. तुमच्या पिशवीत गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉनची दोरी होती. लोखंडी तार घालायची नाही, नळी फाटते, हे तुम्ही मला तीनदा बजावलंत. दोरी आत जाते, अडते, फिरवली की थोडी सरकते. मी गाडीखाली तोंड घालून बघत होतो (तो माझा मूर्खपणा) आणि भस्सकन काळं पाणी, कुजलेली पानं, चिखल सगळं माझ्या कानात. तुम्ही इतक्या हसलात की शेजारच्या खिडक्या उघडल्या.

डिकीतली बॅटरी हा तुमचा एकमेव ओरडा. ती मी स्वतः बदलली होती, आणि त्याचा अभिमानही होता. तिच्याजवळ दोन बारीक नळ्या लोंबत होत्या, त्या मी 'कशाच्या असतील कुणास ठाऊक' म्हणून कोपऱ्यात खोचल्या होत्या. चार्ज होताना बॅटरीतून निघणारा वायू त्या नळ्यांतून गाडीबाहेर जायला हवा. बहुतेक गाड्यांत बॅटरी बॉनेटखाली मोकळ्या हवेत असते, हिची बंद डिकीत, म्हणून त्या नळ्या. आणि मी आणली होती नळ्या जोडायची सोयच नसलेली साधी बॅटरी. "हायड्रोजन आहे तो, अगरबत्तीचा धूर नाही," असं म्हणालात. दुसऱ्या दिवशी योग्य बॅटरी आणली, नळ्या जोडल्या, आणि डिकीच्या तळाला आलेला पांढरट थर सोडा लावून धुतला.

पण ताई, मला सगळ्यात जास्त आभार मानायचेत ते गिअरच्या दांड्याचे.

लांब गेलं की दांडा हाताला चटका बसेल इतका तापायचा आणि मांडीला गरम हवा लागायची. मी मित्रांना कौतुकाने सांगायचो, स्पोर्ट्स कार आहे, तापणारच! तुम्ही दांडा दोन बोटांत धरून हलवलात आणि विचारलंत, "इथलं तेल कधी बदललंस?" मी म्हणालो, गिअरबॉक्सचं गेल्या वर्षी. "गिअरबॉक्सचं नाही विचारलं. इथलं." मला वाटलं, थट्टा करताय.

कन्सोल काढलं. वरचं मोठं रबर निघालं, त्याखाली तीन बोल्ट. ते काढून तुम्ही दांडा सरळ वर उपसलात आणि मला आत बघायला लावलंत. दांड्याच्या बुडाशी एक छोटी वाटी असते आणि तिला स्वतःचं वेगळं तेल लागतं, गिअरबॉक्समधलं तिथे पोचत नाही. जेमतेम ८०-९० मिलीलिटर, औषधाच्या बाटलीत मावेल एवढं. माझ्या वाटीत तळाला काळा चिकट लेप होता, बस्स. आणि आतलं लहान रबर चिरून त्याच्या चिंध्या झालेल्या, म्हणूनच खालची सगळी गरम हवा आणि आवाज वर येत होता. तुम्ही ती चिंधी माझ्या तळहातावर ठेवलीत. "ही तुझी स्पोर्ट्स कार."

नवीन रबर यायला दहा दिवस लागले. बसवायला तुम्ही आलात, पण पान्याला हात लावला नाहीत. स्टुलावर बसून शेंगा सोलाव्यात तशा शांतपणे जुने बोल्ट पुसत राहिलात आणि मला करू दिलंत. तेल इंजेक्शनच्या सिरिंजने घातलं. रबर उलटं बसवलं, काढलं, पुन्हा बसवलं. मग गाडी काढली आणि दुसऱ्यावरून तिसरा टाकला. काय सांगू! इतकी वर्षं मी कोरड्या वाटीत दांडा खरवडत होतो. आता मनगट नुसतं वळवलं की खट्, बसला. त्या एका 'खट्'साठी लोक या गाडीवर जीव टाकतात, आणि मला ती माझ्याच गाडीत पहिल्यांदा ऐकू आली.

इंजिनच्या दिव्याची गंमत शेवटच्या भेटीतली. तो पिवळा दिवा अधूनमधून लागायचा आणि एका गॅरेजमध्ये मला सांगितलं होतं की इतक्या जुन्या गाडीला तपासणीचा कॉम्प्युटर जोडता येत नाही, सोडून द्या. तुम्ही बॉनेटखालची 'डायग्नोसिस' लिहिलेली काळी डबी उघडलीत, झाकणाच्या आत प्रत्येक पिनेचं नाव छापलेलं. 'टीईएन' आणि 'जीएनडी' या दोन पिना कागदाला लावायच्या क्लिपने जोडल्यात, चावी फिरवायला सांगितलीत, इंजिन सुरू न करता. आणि दिवा बोलायला लागला. लांब म्हणजे दहा, छोटा म्हणजे एक. मी मोजले एक लांब, सहा छोटे. तुम्ही म्हणालात, पुन्हा मोज. एक लांब, पाच छोटे. पंधरा म्हणजे ऑक्सिजन सेन्सर, इंजिनच्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा. त्याचा कनेक्टर अर्धवट निसटलेला निघाला, दाबून बसवला, दिवा गेला. एका क्लिपमध्ये काम! तीस वर्षांहून जुनी गाडी आपलं दुखणं स्वतः सांगत होती, आणि मी तिला मुकी समजत होतो.

एक मात्र मी तुमचं ऐकलेलं नाही. सीटच्या डोक्याजवळचे स्पीकर मी चालूच ठेवलेत. तुमच्या मते या गाडीत गाणी ऐकणं म्हणजे जेवताना पेपर वाचणं. असेल. पण छत उघडं असताना समोरच्या स्पीकरचं काही ऐकू येत नाही आणि कानामागचे ऐकू येतात, हे ज्याला सुचलं त्याचाही मान ठेवायला हवा ना?

तुमची नायलॉनची दोरी माझ्याकडेच राहिलीये. पावसाआधी एकदा आणि पानं गळून गेल्यावर एकदा मोऱ्या साफ करतो, गाडीखाली तोंड न घालता. क्लिप डबीच्या झाकणालाच अडकवून ठेवलीये.

सकाळी थंड इंजिन सुरू केलं की मिनिटभर ती टिकटिक अजून येते. तुम्ही म्हणाला होतात, हिचे टॅपेट, म्हणजे इंजिनच्या झडपा ढकलणारे तुकडे, तेलाच्या दाबावर आपोआप जुळतात, त्यामुळे पाना घेऊन धावू नकोस, आधी तेलाचं वय बघ. बघितलं. वय झालंय. रविवारी बदलतो. सोमवारी सकाळचं पहिलं मिनिट तुम्हाला फोनवरून ऐकवायचंय, तेव्हा नवीन नंबर तेवढा कळवा.

तुमचा,
चार वर्षं नुसतीच गाडी चालवणारा