केळीबागेतल्या सेन्सरची बॅटरी कुठे संपते?

महोदय,

रावेर-यावलकडे केळीबागेत ओलावा मोजणारे वायरलेस सेन्सर घेताना किमतीची आणि अनुदानाची चौकशी होते. मोजलेला आकडा कोणत्या वाटेने विहिरीवरच्या पेटीपर्यंत, म्हणजे सगळे आकडे गोळा करणाऱ्या यंत्रापर्यंत पोहोचतो, हे कोणी विचारत नाही. बॅटरीचे आयुष्य ठरते ते तिथे.

सेन्सरमधल्या साध्या २.४ गिगाहर्ट्‌झ रेडिओला संदेश येतो का ते नुसते ऐकत बसायलाही सुमारे १९ मिलिअँपिअर लागतात. २५०० मिलिअँपिअर-तासांचे सेल साडेपाच दिवसांत रिकामे! शंभरातला एकच भाग वेळ रेडिओ जागा ठेवला तर कागदावर दीड वर्ष. खानदेशच्या उन्हाळ्यात त्याहून कमीच धरा.

आकड्यांची वाट ठरवण्याच्या पद्धतींपैकी २००० साली एमआयटीतून आलेली 'लीच' प्रबंधांत फार लाडकी. सेन्सरचे गट पडतात, गटप्रमुख पाळीपाळीने बदलतो, सगळ्यांचे आकडे एकत्र करून थेट मुख्य पेटीला पाठवतो. पण ठिबकच्या प्रत्येक व्हॉल्व्हखालचा ओलावा वेगवेगळा हवा असताना सरासरी घेऊन करायचे काय? शिवाय यात कोणताही सेन्सर पेटीपर्यंत थेट पोहोचतो असे गृहीत आहे. पूर्ण वाढलेल्या बागेत ते खरे ठरत नाही. पानाखोडांतले पाणी या लहरी शोषते, त्यामुळे मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) लावताना तपासलेली जोडणी निसवणीपर्यंत (घड बाहेर पडेपर्यंत) तुटलेली असते. चाचणी भरल्या बागेतच घ्यावी, अँटेना पानांच्या वर न्यावा.

दुसरी पद्धत 'एओडीव्ही' गरज पडली की सगळीकडे हाक देऊन वाट शोधते. फिरत्या उपकरणांना ठीक; खांबाला बांधलेल्या सेन्सरला ती उधळपट्टी. त्यापेक्षा २०१२ची 'आरपीएल' बरी. पेटीला मूळ धरून ती जोडण्यांचे झाड रचते, म्हणजे आकडा एका सेन्सरकडून दुसऱ्याकडे असा पेटीपर्यंत जातो; संदेश कमीत कमी वेळा पुन्हा पाठवावा लागेल असा शेजारी निवडते आणि जोडण्या स्थिर असल्या की स्वतःची बडबड कमी करते. दोष एकच, पण मोठा: पेटीजवळचे सेन्सर सगळ्यांचे ओझे वाहतात आणि आधी मरतात. मग लांबचे चांगले सेन्सरही मुके. जवळच्या दोन-तीन खांबांना छोटे सौर पॅनेल द्यावे, नाहीतर दुसऱ्या बांधावर आणखी एक पेटी.

सपाट शिवारात, अर्ध्या तासाला एक आकडा एवढीच गरज असेल तर ही भानगडच नको. विनापरवाना ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झवर चालणारा लोरा (लांब पल्ल्याचा, कमी विजेचा रेडिओ) सेन्सर थेट पेटीशी बोलतो, पानांचा अडथळाही त्याला कमी. सातपुड्याच्या पायथ्याला, टेकडी-नाला आड येतो तिथेच टप्प्याटप्प्याची वाट लागते. तिथे विक्रेत्याकडून पेटीलगतच्या सेन्सरची बॅटरी किती महिने टिकेल ते कोटेशनमध्ये लिहून घ्यावे.

– एक इलेक्ट्रॉनिक्स अभियंता, भुसावळ