पिंजऱ्यावरच्या पाटीत आई-बापांचीही नोंद हवी

महोदय,

परदेशी प्राणिसंग्रहालयांशी प्राण्यांची देवघेव करावी की नाही, यावर आपल्या सदरात आलेली पत्रे वाचली. आपले प्राणी बाहेर का द्यायचे, असे काहींचे म्हणणे. राणीच्या बागेत आणखी कोणते परदेशी प्राणी आणावेत, याची काहींनी यादीच दिली आहे. माझी सारी नोकरी जनावरांच्या सरकारी दवाखान्यांत गेली, त्यामुळे मला पहिला प्रश्न वेगळाच पडतो. येणाऱ्या प्राण्याचे आई-बाप कोण, आणि त्याची जोडी कुणाशी लावायची हे कोण ठरवणार?

गोठ्यावर गेलो की मी आधी कालवडीच्या बापाचा नंबर विचारत असे. कृत्रिम रेतनाच्या कांडीवर, म्हणजे वीर्य भरलेल्या बारीक नळीवर, वळूचा नंबर छापलेला असतो. तो कार्डावर उतरवलेला नसेल तर लेकीला बापाचेच रेतन भरले जाऊ शकते. मालक म्हणायचे, "डॉक्टर, मागच्या खेपेचा वळू चांगला होता, तोच घाला." चांगला होता म्हणूनच तर पंचक्रोशीतल्या निम्म्या कालवडी त्याच्या होत्या!

प्राणिसंग्रहालयात ही चूक झाली की तिचे कौतुक होते. पांढऱ्या वाघाचेच पाहा. रीव्याच्या महाराजा मार्तंडसिंहांनी १९५१ मध्ये पांढरा बछडा पकडला, तो मोहन. साध्या वाघिणीपासून त्याला साधीच पिल्ले झाली. मग त्याची जोडी त्याच्याच लेकीशी, राधाशी लावली आणि १९५८ मध्ये चार पांढरी पिल्ले जन्मली. त्यातली मोहिनी १९६० मध्ये वॉशिंग्टनला गेली, तिचे केवढे स्वागत झाले. पुढेही पांढरा रंग टिकवण्यासाठी नात्यातच जोड्या लावत राहिले. तिरळे डोळे या वाघांत नेहमी आढळतात. अखेर २०११ मध्ये अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने आपल्या सदस्यांना मुद्दाम पांढरे वाघ पैदा करण्यास मनाई केली. प्राणी विमानाने परदेशी गेला एवढ्यावरून त्या प्रजातीचे भले झाले, असे मी तरी म्हणणार नाही.

नोंद ठेवली, पण मुळातच गफलत असली तर काय होते, तेही अमेरिकेतच दिसले. आशियाई सिंहांचा तिथला सामायिक, म्हणजे अनेक प्राणिसंग्रहालयांनी मिळून चालवलेला, प्रजनन कार्यक्रम पाच मूळ सिंहांवर उभा होता आणि वंश दोनशेच्या वर गेला होता. १९८७ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की त्या पाचांतले दोन आफ्रिकी वंशाचे होते. सगळा कळपच संकरित निघाला आणि ते प्रजनन थांबवावे लागले. नंतर युरोपातल्या कार्यक्रमासाठी जुनागडच्या सक्करबाग प्राणिसंग्रहालयातून शुद्ध गीर वंशाचे सिंह गेले. आपला ठेवा बाहेर का द्यायचा, असे विचारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. गीरमध्ये उद्या मोठी साथ आली तर याच वंशाचे सिंह जगात आणखी कुठेतरी असलेले बरे.

काम नीट झाले तर काय होते, हे पाहायचे असेल तर मंगोलियाच्या रानटी घोड्याची, ताखीची गोष्ट वाचावी. १९६९ नंतर तो गोबीत कुणाला दिसला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेल्या मोजक्या घोड्यांचे प्रजनन मुख्यतः म्युनिक आणि प्राग इथे चालू राहिले. १९५९ मध्ये प्रागने जगभरच्या ताखींची एकच वंशावळ नोंदवही सुरू केली. युक्रेनमधल्या आस्कानिया नोव्हाला एक घोडी होती, ऑर्लित्सा. १९४७ मध्ये पकडलेली, रानातून आलेली शेवटची. सगळा वंश जेमतेम डझनभर रानटी पूर्वजांवर आलेला असताना तिचे नवे रक्त किती मोलाचे होते, हे वळूंच्या नोंदी ठेवणारा कुणीही सांगेल. शीतयुद्धाच्या काळातही पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे घोडे त्या एकाच वहीत नोंदले जात होते, याचे मला फार अप्रूप वाटते. १९९२ मध्ये हुस्ताईच्या गवताळ प्रदेशात पहिले घोडे परतले आणि आज मंगोलियात ते शेकड्यांनी आहेत.

अशा वंशावळ नोंदवह्यांचा नियम साधा आहे. ज्याचे नातेवाईक कमी, त्याच्या जोडीला प्राधान्य. ज्याची भावंडे भरपूर, त्याने थांबायचे. त्यासाठी प्राणी एका देशातून दुसऱ्या देशात जातात, बहुतेक वेळा पैशांशिवाय. याची एक कठोर बाजूही आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये कोपनहेगनच्या प्राणिसंग्रहालयाने मारियस हा निरोगी तरुण जिराफ मारला, कारण त्याच्या रक्ताचे जिराफ कार्यक्रमात आधीच पुरेसे होते. मला ते अजिबात पटले नाही. ज्या जनावराला पुढे जागा नाही ते जन्मालाच येऊ नये, एवढी काळजी माणसाने आधी घेतली पाहिजे. ते जमते. त्यासाठी नर-मादी वेगळे ठेवता येतात, औषधेही आहेत.

म्हणून पिल्लू झाले की पेढे वाटण्याची आपली सवय मला खटकते. राणीच्या बागेत २०१६ मध्ये सोलहून हम्बोल्ट पेंग्विन आले, तेव्हा वाद झाला तो खर्चाचा. मूळचे पक्षी अवघे आठ, त्यांच्या पिल्लांच्या जोड्या पुढे कशा लागणार, हे फारसे कुणी विचारले नाही. पेरू-चिलीच्या या पक्ष्याचे सामायिक प्रजनन कार्यक्रम युरोप-अमेरिकेत आहेत. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २०२२ च्या अखेरीस जुनागडहून सिंहांची जोडी आली, तेव्हाही मला त्यांच्या नावांपेक्षा त्यांच्या आई-बापांबद्दल वाचायला आवडले असते.

केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण १९९२ पासून काम करते आहे. भारतीय वन्यजीव संस्थेच्या मदतीने अनेक प्रजातींच्या राष्ट्रीय नोंदवह्याही तयार झाल्या आहेत. त्या फायलीत न राहता लोकांसमोर याव्यात. राज्यातल्या प्रत्येक प्राणिसंग्रहालयाने पिंजऱ्याबाहेरच्या पाटीवर प्राण्याचा वंशावळ क्रमांक, आई-बापांचे क्रमांक, तो कुठून आला आणि कोणत्या सामायिक कार्यक्रमात आहे, हे मराठीत लिहावे. कोणत्याच कार्यक्रमात नसेल तर तसेही लिहावे. सुरुवात वाघ, सिंह आणि पेंग्विन यांच्यापासून करता येईल.

– एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी, फलटण