मुलांच्या तापाबद्दल: सर्व सभासद पालकांसाठी

पाऊस ओसरतोय, डेंग्यूचे दिवस आहेत. मुलाला ताप आला की पहिल्या दिवसाची तारीख लिहून ठेवा. डॉक्टर आधी तेच विचारतात. पहिल्या पाच दिवसांत एनएस१, नंतर आयजीएम ही डेंग्यूची रक्ततपासणी उपयोगी पडते. तापावर फक्त पॅरासिटामॉल, तेही वजनानुसार. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन अजिबात नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

ताप उतरला म्हणजे सुटलो, असं समजू नका. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी, ताप उतरतानाच मूल गंभीर होऊ शकतं. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणं, मूल मलूल होणं, चार-सहा तास लघवी न होणं, यांतलं एकही दिसलं तर मध्यरात्र असली तरी रुग्णालय गाठा. पपईच्या पानांच्या रसावर विसंबू नका (तो फॉरवर्ड पुन्हा फिरतोय).

निदान झाल्यास समितीला आणि पालिकेच्या दवाखान्याला कळवा. मुलाचं नाव ग्रुपवर टाकू नये.

दर रविवारी कोरडा दिवस. कुंड्यांखालच्या ताटल्या, कूलर, फ्रिजमागचा ट्रे रिकामे करून घासा. नुसतं पाणी ओतून भागत नाही, डासांची अंडी कडेला चिकटून राहतात.

– व्यवस्थापन समिती