पोचा नव्हे, चरा

बोझमन, मोंटाना
३ डिसेंबर

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "आवाज का बसलाय रे?" आणि मी सर्दीवर ढकललं. सर्दी नव्हती. कारण इतकं किरकोळ होतं की तोंडाने सांगायची लाज वाटली. त्यात आई शेजारी बसलेली, फोन स्पीकरवर. म्हणून पत्र लिहितोय. बाबांच्या डोळ्यांसाठी मोठ्या टायपात छापलंय. आईने वाचून दाखवलं तरी चालेल, फक्त न आवडणारे परिच्छेद तिने गाळू नयेत.

माझ्या रायफलीवर चरा पडला.

आई, पत्र खाली ठेवू नकोस. तुझ्या गळ्यातली माळ मला दिसते आहे. तुझ्याशी बोलायचं ते शेवटी बोलतो. आधी बाबांशी लाकडाचं बोलायचंय.

बाबा, ही तीच रायफल, जिचा फोटो मी तीन वर्षांपूर्वी पाठवला होता. तुम्ही फोटो मोठा करून बघितलात आणि बंदुकीबद्दल एक अक्षर न काढता विचारलंत, "अक्रोड आहे का? आणि हे पॉलिश लाखेचं नाही, तेलाचं दिसतंय." अक्रोडच आहे. विंचेस्टरची मॉडेल ७०, पन्नासच्या दशकातली, कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनच्या कारखान्यात बनलेली. हे मॉडेल १९३६ ला आलं. पुढे १९६४ मध्ये कंपनीने खर्च वाचवायला त्यात बरेच बदल केले. बोल्टवरची, म्हणजे नळीचं मागचं तोंड उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या दांड्यावरची, काडतूस धरून आत नेणारी लांब नखी गेली. दस्त्यावर पकड बसावी म्हणून बारीक चौकटींची जाळी कोरलेली असायची, तीही गेली आणि ठशाने दाबलेली जाळी आली. तेव्हापासून इथले जुने शिकारी "चौसष्टच्या आधीची" असं म्हणतात, आपल्या गल्लीत "बर्मा टीक" म्हणताना लोकांचा सूर लागायचा तसा. तिच्या आधीच्या मालकाने मूळ पॉलिश काढून जवसाच्या तेलाचे हात दिले होते. दस्त्याच्या मागच्या भागात लाकडाच्या रेषा धुरासारख्या वळत जातात. मी बंदूक बघायला गेलो होतो, पण पैसे मोजले ते त्या रेषांचे. किती मोजले ते विचारू नका.

आणि मग तीन हंगाम ती कपाटात राहिली. शिकारीला जाताना मी दुसरी न्यायचो, काळ्या प्लास्टिकच्या दस्त्याची. बर्फात पडली तरी चालेल अशी. अक्रोडाची घरी बाहेर काढायची, फडक्याने पुसायची, खिडकीकडे तिरपी धरून बघायची आणि परत ठेवायची. आई, हसू नकोस. आपल्या सोफ्यावर अकरा वर्षं प्लास्टिकचं कव्हर होतं, आणि उन्हाळ्यात पाहुण्यांच्या पोटऱ्या त्याला चिकटायच्या.

यंदा सूनबाई म्हणाली, "न्यायची नसेल तर विकून टाक, फ्रीज तरी नवीन येईल." म्हणून नेली.

इकडे हरणांचा रायफलचा हंगाम पाच आठवडे असतो आणि थँक्सगिव्हिंगनंतरच्या रविवारी संपतो. मी शेवटच्या शनिवारी गेलो. सोबत कामावरचा एक म्हातारा सहकारी, याच मातीतला. ब्रिजरच्या डोंगरांपलीकडे, पूर्वेच्या उतारावर. अंगावर भगव्याहून भडक नारिंगी जाकीट, कारण कमरेच्या वर निदान चारशे चौरस इंच नारिंगी रंग दिसला पाहिजे असा कायदाच आहे. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून चालत होतो. नाकातले केस गोठतात एवढी थंडी. नऊच्या सुमाराला काटेरी तारेचं कुंपण आडवं आलं.

१९८५ नंतर जन्मलेल्यांना इथे शिकारीचा परवाना काढण्याआधी सुरक्षेचा वर्ग करावा लागतो. मीही केला आहे, बारा-तेरा वर्षांच्या पोरांमध्ये बसून. कुंपण कसं ओलांडायचं हे त्यात पाठ करून घेतात. काडतुसं काढायची, बोल्ट उघडा ठेवायचा, रायफल आडवी करून खालच्या तारेखालून सरकवायची, नळीचं तोंड माणसांपासून लांब, आणि मग खांबाजवळून आपण ओलांडायचं. मी सगळं तसंच केलं. रायफल अर्धी पलीकडे होती. मी वरच्या तारेवर भार दिला, आणि खांबातले गंजलेले खिळे सुटून सगळ्या तारा खाली बसल्या. खालच्या तारेचा एक काटा दस्त्यावर टेकला. तो उचलायचा होता, बास. मी मात्र घाबरून रायफल ओढली.

कर्र असा आवाज आला. बाबा, तुम्ही तो आवाज ओळखला असता.

तेवढ्यात सोबत्याने हनुवटीने खूण केली. शंभर-सव्वाशे पावलांवर एक नर उभा होता. म्यूल डिअर, खेचरासारखे मोठे कान, म्हणून नाव तसं. आमच्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघत नव्हतो. मी अंगठ्याने चरा चाचपत होतो, नख अडकतंय का बघत होतो. अडकत होतं. मान वर केली तोवर नर निघून गेला होता. सोबत्याला बंदूक उचलून नेम धरायला भरपूर वेळ होता, पण तो माझ्याकडेच बघत राहिला. मग पाठीवर थाप मारून म्हणाला, "आता ती खरी तुझी झाली."

हे वाक्य इथे सगळेच म्हणतात. नव्या पिकअपला पहिला पोचा आला तरी हेच. मला ते त्या वेळी फार लागलं, आणि अजूनही पटलेलं नाही. पैसे दिले त्या दिवशीच ती माझी झाली होती. चऱ्याने काही दिलं नाही, नेलंच.

मी काम काय करतो ते तुम्हाला कधी धड सांगितलं नाही. "काचा तपासतो" एवढंच सांगत आलो. या गावात लेझरची भिंगं आणि आरसे बनवणारे बरेच कारखाने आहेत. माझं काम त्यातल्या एकात चरे मोजण्याचं. खरंच. प्रत्येक काचेला दोन आकडे असतात, साठ-चाळीस, वीस-दहा असे. पहिला चऱ्याचा, दुसरा खड्ड्याचा. खड्ड्याचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, म्हणजे दहा असेल तर ०.१ मिलिमीटर. चऱ्याचा आकडा मात्र पट्टीने मोजायचा नसतो. शेजारी नमुन्याचा चरा ठेवायचा, दिव्याखाली काच तिरपी करायची आणि हा त्याच्याहून ठळक दिसतो की फिका, ते डोळ्याने ठरवायचं. अमेरिकी सैन्याच्या जुन्या मानकातली ही रीत अजून चालते. तुम्ही तंबोऱ्याची तबली खिडकीकडे धरून मान वाकडी करायचात, तशीच मी दिवसभर करतो. तुम्ही चरे घालवून पोट भरलंत, मी मोजून भरतो. आणि ज्या काचेतून जोरकस लेझर जायचा तिलासुद्धा अमुक इतके चरे चालतील असंच लिहिलेलं असतं. मुळीच नकोत, असा कागद आजवर माझ्या टेबलावर आलेला नाही.

तर त्या रात्री मी कामावरचं भिंग घरी आणलं आणि चरा मोजला. ५२ मिलिमीटर. तेल पार करून आतल्या कोऱ्या लाकडापर्यंत गेलेला, शेवटाकडे थोडा वळलेला.

मग तुमचा उपाय केला. ओला फडका, वर गरम इस्त्री, टेकवायची आणि उचलायची. आतले तंतू नुसते दबलेले असले तर वाफेने फुगून वर येतात, तुटलेले असले तर येत नाहीत. "पोचा निघतो, चरा निघत नाही," हे तुम्ही दुकानात इतक्या वेळा म्हणायचात की मला ते पाढ्यांबरोबर पाठ झालं होतं. चऱ्याशेजारी दोन बारीक पोचे होते, आधीच्या मालकाचे. ते छान वर आले. चरा होता तिथेच. उलट आजूबाजूचं लाकूड सपाट झाल्यामुळे जास्तच उठून दिसायला लागला. इथल्या बंदूक दुरुस्त करणाऱ्याला दाखवला. तो म्हणाला, सगळा दस्ता घासून परत तेल देतो, आठ दिवसांनी ने. मी हो म्हणालो, आणि दारातून परत फिरून नको म्हणालो. तो वैतागला.

का नको म्हणालो ते त्याला सांगता येत नव्हतं. तुम्हाला सांगतो.

तुम्हाला त्या बाईंचा तंबोरा आठवतो का? मी सातवी-आठवीत असेन. सुट्टीत मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तुमच्या हाताखाली बसायचो, चपडा लाख स्पिरिटमध्ये भिजवून ठेवायची आणि कापसाचे बोळे करून द्यायचे, एवढं माझं काम. सांगलीकडच्या एक बाई जुना तंबोरा घेऊन आल्या. जवारी लावायची होती, म्हणजे घोडी घासून तारांचा सूर खुलवायचा होता, आणि भोपळ्याला तडा गेला होता. पॉलिशचं त्या काही बोलल्याच नव्हत्या. तुम्हीच म्हणालात, एवढं चांगलं वाद्य असं कळकट का द्यायचं? आणि दोन दिवस खपून सगळा घासलात. भोपळ्याच्या वरच्या बाजूला, हात टेकतो तिथे, बांगड्यांनी उठलेले शेकडो बारीक चरे होते. ते सगळे गेले. तंबोरा आरशासारखा झाला. बाई आल्या, बघितलं आणि गप्प झाल्या. मग एवढंच म्हणाल्या, "हा आईचा होता." पैसे दिले, एक रुपया कमी केला नाही. त्या गेल्यावर तुम्ही चहा न घेता बसून राहिलात.

आईचं म्हणणं असं की त्या बाईंना पॉलिश फार आवडलं होतं आणि मी उगाच गोष्ट रचतो. असेल. पण त्यानंतर गिऱ्हाईक आलं की तुम्ही आधी विचारायला लागलात, "घासू का, का राहू दे?" ते मी माझ्या कानांनी ऐकलंय.

माझ्या चऱ्यामागे कोणाची आई नाही. एक गंजका खिळा आणि माझा घाबरटपणा, एवढंच आहे. तेव्हा त्या बाईंसारखा मी तो जपतोय असंही नाही. गोष्ट वेगळी आहे. दुरुस्तीवाल्याने विचारलं, "विकायची आहे का? कोणाला दाखवायची आहे?" आणि माझ्या मनात पटकन आलं, हो, बाबांना.

मी तीन वर्षं ती तुमच्यासाठी कोरी ठेवली होती. तुम्ही इथे याल, मी कपाट उघडीन, तुम्ही चष्मा कपाळावर सरकवाल, अंगठा रेषांवरून फिरवाल आणि पॉलिशला नावं ठेवाल. असलं काहीतरी मनात धरून मी ती पुसत होतो. आणि मागच्या वर्षी तुमच्या डाव्या डोळ्याचं झालं, आईचे गुडघे झाले. चोवीस तासांचा प्रवास तुम्ही आता करणार नाही हे मला केव्हाच कळलंय, फक्त मी कपाटाला कळू दिलं नव्हतं. रायफल तिकडे आणता येत नाही, तुम्हाला इकडे आणता येत नाही. म्हणून आवाज बसला होता.

आता आई.

मारणं मारणंच, हे तुझं म्हणणं मी खोडत नाही. मागे मी सांगितलं होतं की १९३७ च्या कायद्याने इथे रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के कर घेतात आणि तो पैसा रानासाठी, जनावरांसाठी खर्च होतो. तू म्हणाली होतीस, "कर भरला म्हणून पाप फिटतं का?" त्यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही. एवढंच सांगतो, मारलेल्या जनावराचं खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं इथे गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी टाकलं नसतं. तुझ्या हाताला अन्न टाकताना कधी बघितलं नाही, ते कुठेतरी उतरणारच. यंदा आमच्या फ्रीजरमध्ये हरीण नाही. तुझ्या विठोबाने खिळा उपटला असं तू म्हणशील. म्हण.

आणि बाबा, गंमत बघा. सतारमेकर गल्लीतल्या शिकलगारांचे वाडवडील तलवारींना धार लावायचे. हत्यारांची गिऱ्हाइकं संपली तेव्हा ते सतारीकडे वळले, हे तुम्हीच मला सांगितलंत. त्यांच्याकडून तुम्ही हात शिकलात, तुमच्याकडून मी डोळा शिकलो आणि फिरून बंदुकीशी येऊन बसलो.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात येतोय, तिकीट काढलंय. आईसाठी गुडघ्याचा पट्टा आणतो, मागच्या वेळचा घट्ट झाला होता तसला नाही. दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मी तिथे असतानाची घ्या, शेजाऱ्यांना त्रास नको.

चऱ्यात जवसाच्या तेलाचं एक बोट फिरवलंय, कोऱ्या लाकडात ओल जाऊ नये म्हणून. तेवढी रेघ आता बाकीच्यापेक्षा काळी दिसते. दुसरा हात किती दिवसांनी द्यायचा ते कळवा. डबीवर चोवीस तास लिहिलंय, पण इथल्या थंडीत तेवढ्यात ते वाळेल असं मला वाटत नाही.

तुमचा,
बाळू