रात्रपाळी

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, तुम्ही हसणार हे धरूनच लिहिते. शनिवारी मी हत्ती बघायला गेले होते, तेही पैसे मोजून. गेल्या वैशाखात तिलारीकडून आलेल्या कळपाने एका रात्रीत आपले सात माड आडवे केले आणि पंचनाम्यासाठी तुम्ही किती खेपा घातल्यात, ते विसरलेले नाही. पण ऐकून तर घ्या.

इथे नैरोबीच्या राष्ट्रीय उद्यानात हत्तीच्या अनाथ पिल्लांचं घर आहे. १९७७ साली सुरू झालेल्या शेल्ड्रिक ट्रस्ट या वन्यजीव संस्थेचं. अकरा वाजता तासभर लोकांना आत सोडतात. हिरव्या कोटातले राखणदार भल्यामोठ्या बाटल्या घेऊन उभे असतात आणि पिल्लं झाडीतून धावत सुटतात. आई, एकाने स्वतःची बाटली रिकामी करून लगेच शेजारच्याच्या बाटलीला सोंड घातली. मला दादाच आठवला. त्याला सांगू नकोस.

कुणाची आई हस्तिदंतासाठी मारलेली, कुणी विहिरीत पडलेलं, कुणी दुष्काळात मागे राहिलेलं. २०२२ मध्ये फेब्रुवारी ते ऑक्टोबर एवढ्या काळात केनियात दुष्काळाने २०५ हत्ती गेले. पहिली दोन वर्षं पिल्लाला दुधाशिवाय गत्यंतर नसतं, आणि गाईच्या दुधातली चरबी त्याला सोसत नाही. डॅफ्नी शेल्ड्रिक या बाईंनी वर्षानुवर्षं नाना तऱ्हेची दुधं करून पाहिली, तान्ही पिल्लं काही हाती लागेनात. शेवटी गुण आला तो खोबरेल असलेल्या बाळदुधाच्या पावडरीने. म्हणजे बाबा, तुमचे माड पाडणाऱ्यांची ही चुलत भावंडं नारळावरच जगली!

मला सांगायचंय ते याच्या पुढचं. या दुधावर तग धरलेलं पहिलं तान्हं पिल्लू म्हणजे आयशा, १९७४ सालची. डॅफ्नीबाई तिला क्षणभर सोडत नसत. ती सहा महिन्यांची असताना मुलीच्या लग्नासाठी बाईंना थोडे दिवस जावं लागलं. आयशाने खाणंपिणं टाकलं आणि ती गेली. दूध तेच होतं, सांभाळायला माणूसही ठेवलेलं होतं. तिला सवय मात्र एकट्या बाईंची.

तेव्हापासून तिथे एका पिल्लाला एकच माणूस देत नाहीत. रात्री राखणदार पिल्लाच्या खोलीतच फळ्यांच्या माचावर झोपतो, दर तीन तासांनी दूध पाजतो. उशीर झाला तर पिल्लू सोंडेने त्याचं पांघरूण ओढतं. दुसऱ्या रात्री मात्र तिथे दुसराच कुणीतरी असतो. पहिला त्या रात्री धड झोपत असेल, असं मी मनात म्हटलं आणि तुमचा चेहरा समोर आला.

ताईने सगळं सांगितलंय. आईच्या खुब्याच्या ऑपरेशनला चार महिने झाले, रात्री तीन-तीनदा तुम्हीच उठता आणि पलीकडच्या वाडीतल्या मावशींना दोनदा पडवीतूनच परत पाठवलंत. आई, तूही काही कमी नाहीस. "यांच्याशिवाय मला नाही जमत" हे तू म्हणतेस, बाबा त्यावर खूश होतात, आणि माझ्या मात्र पोटात गोळा येतो. बाबा, तुम्ही एकाहत्तरचे आहात. उद्या तापाने पडलात तर आईला बाथरूमपर्यंत कोण नेणार? मी निघाले तरी मुंबई, मग गोव्याचा मोपा विमानतळ करत पोचायला अख्खा दिवस जातो.

इथली पिल्लं थोडी मोठी झाली की त्सावोच्या जंगलात नेतात. कळपात कधी जायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं, काहींना दहा वर्षंही लागतात. पुढे काही जणी आपलं पिल्लू दाखवायला राखणदारांकडे परत येतात. मी दिवाळीत येतेय, बिनपिल्लाची. आई, तो विषय काढायचा नाही.

मावशींशी मी फोनवर बोलले आहे. सोमवारपासून येतील, एक रात्र सोडून एक. पैसे मी पाठवीन, त्यावरून वाद नको. त्यांचं अंथरूण आईजवळ माजघरात घाला आणि बाबा, त्या रात्री तुम्ही माडीवर झोपायचं. दार लावून.

तुमची,
मनू

ता. क. एका पिल्लाचं वर्षभराचं पालकत्व घेतलंय. माडांची भरपाई त्याच्याकडून मागू नका.