मोठ्या अक्षरातलं पत्र

चिंचवड,
सप्टेंबरचा दुसरा रविवार

प्रिय आई-बाबा,

दोघांनाही प्रभूमध्ये सलाम.

रोज रात्री साडेआठला फोनवर बोलतो, मग पत्र कशाला, असं आई विचारणारच. पाकीट जाडजूड दिसेल, पण आत मजकूर थोडाच आहे. आई वाचून दाखवायच्या आधी बाबा भिंग घेऊन खिडकीपाशी बसणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून काळ्या स्केचपेनने लिहितेय, एका पानावर आठ-नऊ ओळी. बाबा, बायबलात प्रेषित पौलाने गलतीकरांच्या पत्रात शेवटी लिहिलंय ना, की पाहा, केवढ्या मोठ्या अक्षरांत मी स्वतःच्या हाताने लिहितोय. लहानपणी मला वाटायचं, अक्षर वाईट असेल बिचाऱ्याचं. आता कळतं, की त्याचे डोळे अधू असावेत असं काही अभ्यासक मानतात. त्याच पत्रात तो म्हणतो, की जमलं असतं तर तुम्ही आपले डोळे काढून मला दिले असते. हे वाक्य तुमचा काचबिंदू वाढल्यापासून मला सरळ वाचता येत नाही.

गलतीकर, रोमकर, करिंथकर, इफिसकर. आपल्या मराठी बायबलात ही सगळी माणसं किती शेजारपाजारची वाटतात! आपण नगरकर, तसे ते. (पाकिटावर अहिल्यानगर लिहिलंय, पण आपण कोण म्हणायचं ते अजून तोंडात बसत नाही.)

आता मुद्द्यावर येते. फोनवर बोलता आलं नाही, कारण साडेआठचा वेळ बाबांना बायबल वाचून दाखवायचा आणि आई स्पीकर लावून बाजूला भाजी निवडत असते.

आई, वसतिगृहात गेल्यापासून दर रविवारी तू विचारायचीस, "वाचन चाललंय ना?" मी म्हणायचे, "हो गं." कधी तू पुढे जाऊन विचारायचीस, "काय वाचलंस?" मी म्हणायचे, "स्तोत्र." बायबलात स्तोत्रं दीडशे आहेत, कुठलं ते तू विचारत नव्हतीस. अकरा वर्षं मी हे एकच उत्तर दिलं. त्या अकरा वर्षांत मी बायबल उघडलं ते लग्नात पाळकसाहेबांनी हातात दिलं तेव्हा, आणि एकदा आतमध्ये लाइटचं बिल ठेवलं होतं ते शोधायला. बाबा, तुम्ही कधीच विचारलं नाहीत. तुम्हाला माहीत असणार. आता दोघांनाही सांगून मोकळी होतेय.

मी काही रागाने सोडलं नव्हतं. वाचनाचा कंटाळा आला होता, आणि घरी रोज इतकं झालं होतं, की वाटायचं, पुढची वीस वर्षं पुरेल. आपल्या खोलीतली ती संध्याकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. बाबा डेपोतून यायचे, मोरीत बसून आधी रॉकेलने, मग लाल साबणाने हात घासायचे, तरी नखांच्या कडांना काळी रेघ राहायचीच. चटई अंथरायची, लोडशेडिंग असलं तर कंदील. प्रत्येकाने एक स्तोत्र वाचायचं, निवड ज्याची त्याची. मी नेमाने एकशे सतरावं घ्यायचे, कारण त्यात दोनच ओव्या. दादाने एकदा चिडून मला एकशे एकोणिसावं वाचायला लावलं. एकशे शहात्तर ओव्या! कंदिलाची वात खाली गेली, आई पेंगली, बाबा मात्र शेवटपर्यंत मांडी घालून ऐकत होते. शब्बाथशाळेत पाठ वचन विचारलं की "येशू रडला" एवढं म्हणून खाली बसणाऱ्यांतही मीच पहिली. दोन शब्दांत काम होतं.

घरातल्या वाचनाची ही रीत आजीपासूनची. आजी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली, आणि रमाबाईंचं मराठी शास्त्र, म्हणजे बायबल, तिच्या उशाशी असायचं. पानावर बोट ठेवून, ओठ हलवत ती वाचायची. रमाबाईंनी साध्या बायकांना कळेल असं भाषांतर करायचं ठरवलं आणि त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खिळे जुळवणं, छापणं हे कामही तिथल्याच मुली-बायकांनी केलं. रमाबाईंची मुलगी मनोरमा आधीच्या वर्षी गेली होती, त्या दुःखातही बाई मुद्रितं तपासत राहिल्या आणि एप्रिल १९२२ मध्ये गेल्या. छापलेलं पुस्तक बाहेर आलं ते १९२४ साली, त्यांनी पाहिलंच नाही. आजी म्हणायची, "बाईंनी आमच्यासाठी लिहिलं." मला तेव्हा ते भाबडं वाटायचं. आता वाटतं, आजी अगदी नेमकं बोलत होती.

गेल्या वर्षी जूनमध्ये बाबांनी त्यांचं बायबल माझ्या पिशवीत ठेवलं आणि म्हणाले, "आता मला अक्षरं दिसत नाहीत. तू फोनवर वाच. रोज एक अध्याय." मी हो म्हटलं ते बायबलासाठी नव्हे, बाबांसाठी. हेही कबूल करते.

ते पुस्तक इथे टेबलावर आहे. भंगारात निघालेल्या एस.टी.च्या सीटचं हिरवं रेक्झिन लावून बाबांनी त्याची पाठ शिवली आहे, तो टाका अजून सुटलेला नाही. आत पेन्सिलीच्या खुणा आहेत. लहानपणी मला वाटायचं, बाबांना आवडलेल्या ओव्यांना त्या असतील. वाचायला लागल्यावर बघते तो काय, अर्ध्याअधिक खुणा प्रश्नचिन्हांच्या! पहिल्या शमुवेलाच्या पंधराव्या अध्यायात, अमालेक्यांची तान्ही मुलंसुद्धा मारायला सांगितलंय तिथे, मोठं प्रश्नचिन्ह आणि बाजूला तारीख: १२-८-७९. त्या रात्री मी फोनवर थांबले होते, आठवतं? म्हटलं, "बाबा, हे गाळू का?" तुम्ही म्हणालात, "गाळू नको. मलाही पटत नाही. पण आज हे गाळलं तर उद्या आपल्या आवडीचंच तेवढं उरेल." चाळीस वर्षांहून जास्त काळ एक प्रश्न जवळ ठेवून तुम्ही रोज सकाळी तेच पुस्तक उघडत होता. मला कायम वाटत आलं, की तुमचा विश्वास म्हणजे सगळं पटलेल्या माणसाचा विश्वास, आणि माझ्या शंकांना आपल्या घरात जागा नाही. एकदा बोलला असता तर?

असो. बहुतेक रात्री वाचून काही घडत नाही, हेही सांगते. वंशावळ्या येतात, हनोखाचा अमुक, अमुकाचा तमुक, माझी जीभ अडखळते, बाबा दुरुस्त करतात आणि झोपायची वेळ होते. कधी मात्र भलत्याच ठिकाणी काहीतरी हाताला लागतं. लेवीयचा चौदावा अध्याय घ्या. गेल्या ऑक्टोबरात पाऊस नुकता संपला होता, आमच्या बेडरूमच्या भिंतीला ओल येऊन हिरवट डाग पडले होते आणि वाचनात आलं ते घराच्या भिंतीतल्या हिरवट-तांबूस चट्ट्यांबद्दल! याजकाने येऊन पाहायचं, घर सात दिवस बंद ठेवायचं, पुन्हा पाहायचं, चट्टा पसरला असेल तर तेवढे दगड काढून गावाबाहेर टाकायचे, भिंत खरवडायची, नवा गिलावा करायचा. हे हसत हसत वाचलं मी, पण नंतर विचार करत बसले. देवाच्या पुस्तकात कुणाच्या तरी ओल्या भिंतीची इतकी बारकाईने काळजी केलेली आहे. आमच्या बिल्डरने केली नाही.

आता जे सांगायला हे पत्र लिहायला घेतलं ते. आई, इथे घाईने पुढे जाऊ नकोस, आणि बाबांना ऐकवताना गाळूही नकोस.

आपण नहेम्याच्या पुस्तकात आहोत. दहा अध्याय नहेम्याचे उरलेत, मग एस्तेरचे दहा. म्हणजे तीन आठवड्यांत ईयोब लागेल, बेचाळीस अध्याय. तो मला फोनवर वाचायचा आहे आणि मला धास्ती वाटतेय.

एप्रिल २०२१ मध्ये यांचा धाकटा भाऊ गेला. चौतिसाव्या वर्षी. आम्हाला त्याचा चेहरासुद्धा नीट बघायला मिळाला नाही. निर्बंध सैल झाल्यावर ओळखीची मंडळी भेटायला आली, प्रार्थना झाली आणि जवळजवळ प्रत्येकजण म्हणाला, "परमेश्वराने दिलं, परमेश्वराने नेलं." कुणी म्हणालं, त्याच्या योजनेत काहीतरी चांगलंच असेल. सासूबाई मान हलवत होत्या. मी आत जाऊन मिक्सर लावला, काही वाटायचं नसताना. त्या दिवशी मी ठरवलं होतं, की हे पुस्तक आता माझ्या घरात वाचलं जाणार नाही. तोवर नुसता कंटाळा होता, तेव्हा मात्र खरंच मन उठलं.

मग जूनमध्ये एस.टी. सुरू झाल्यावर आई, तू आलीस. तू प्रार्थना करूया म्हणाली नाहीस. वचन सांगितलं नाहीस. दोन दिवस तू भांडी घासलीस, गहू निवडलेस, आणि दुपारी सासूबाईंना जमिनीवर पुढ्यात बसवून त्यांच्या डोक्याला तेल लावलंस. महिनाभर त्यांनी केस विंचरले नव्हते. गुंता सोडवायला तुला तास लागला असेल. कुणीच बोलत नव्हतं. मी दारातून पाहिलं आणि परत स्वयंपाकघरात गेले.

फोनवर ईयोब वाचायच्या आधी गेल्या आठवड्यात मी एकटीने तो चाळला. पहिल्यांदा नीट वाचला म्हण. ते "परमेश्वराने दिलं" वाक्य ईयोबाचं आहे, त्याची स्वतःची मुलं गेली तेव्हाचं, त्याच्या स्वतःच्या तोंडचं. दुसऱ्याच्या घरी जाऊन म्हणायचं ते वाक्यच नव्हे. त्याचे तिघे मित्र येतात, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसून राहतात, एक शब्द बोलत नाहीत. तिथवर ते बरोबर असतात. बिघडतं ते तोंड उघडल्यावर. आणि शेवटी परमेश्वर त्या धार्मिक बोलणाऱ्यांवर रागावतो आणि म्हणतो, की माझा सेवक ईयोब जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. म्हणजे ज्याने देवाशी भांडण मांडलं तो यथार्थ! हे मला कुणी कधी व्यासपीठावरून सांगितलेलं आठवत नाही. कदाचित सांगितलं असेल आणि मी मागच्या बाकावर एकशे सतरावं स्तोत्र शोधत असेन.

तर आई, तू त्या सात दिवसांतली आहेस. हे तुला सांगायचं राहून गेलं होतं.

माझा विश्वास तुमच्यासारखा आहे असं मी म्हणणार नाही. मला अजून मोठ्याने प्रार्थना करता येत नाही, साक्ष द्यायला उठवलं तर मी पळून जाईन. पण "येशू रडला" ही दोन शब्दांची ओवी आता मला झटपट म्हणता येत नाही. मेलेल्या लाजराला येशू उठवणार होता, पाच मिनिटांत सगळं ठीक होणार होतं, हे त्याला माहीत होतं. तरी त्या घरच्या लोकांचं रडणं पाहून तो आधी रडला. त्याने योजना समजावत बसणं पसंत केलं नाही. एवढ्या एका गोष्टीवर मी सध्या टिकून आहे. पुढचं पुढे.

बाबा, ईयोब वाचताना माझा आवाज अडला तर फोन ठेवू नका. थोडा वेळ नुसते थांबा. तुम्ही तसेही डोळ्यांत थेंब टाकून पाच मिनिटं मिटून पडलेले असता.

आणखी एक. परवा तुम्ही हिशेब केलात: अध्याय अकराशे एकोणनव्वद, रोज एक म्हटलं तर सव्वातीन वर्षं, पैकी सव्वा संपलं. मग गप्प बसलात. तुमच्या वेळी तुम्ही रोज तीन आणि रविवारी पाच वाचायचात, वर्षात पुरं व्हायचं. आपणही तसं करू शकतो, वाचायला मला वेळ लागत नाही. पण मला वेग वाढवायचा नाहीये. रोज एकच.

कालच्या अध्यायात तुम्ही किती खूश होता! यरुशलेमेच्या वेशी, कोणी कोणत्या उभारल्या, दारं बसवली, कड्या आणि अडसर घातले, पुन्हा पुढच्या वेशीला कड्या आणि अडसर. मला वाटलं होतं तुम्हाला झोप लागेल. तुम्ही म्हणालात, "बघ, फिटरांचा अध्याय आहे हा, मुकादम कोण, सोनार कोण, नावानिशी लिहिलंय." त्या पानावर तळाशी तुमच्या अंगठ्याचा ऑइलचा ठसा आहे, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. पुसट झालाय पण रेषा दिसतात. आणि त्याच पानावर एक शल्लूम आहे, त्याने आपल्या मुलींसह भिंतीचा एक भाग दुरुस्त केला. तिथे तुमची खूण नव्हती, म्हणून मी केली. पेन्सिलीनेच.

दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस येतेय. त्या दिवसांत फोन नको, चटईवर बसून वाचू. दादालाही बोलवा, एकशे एकोणिसाव्याचा हिशेब बाकी आहे.

तुमची,
छकुली

ता. क. आई, बाबांचे रात्रीचे थेंब संपत आले असतील. उघडल्यापासून महिना झाला की बाटली टाकायची, तळाशी उरले म्हणून वापरत बसू नकोस. नवी बाटली मी पाठवलीये.