ग्लासगोच्या ताईंना, आमच्या सगळ्यांकडून एक मोठ्ठं थँक्यू

ताई,

व्हॉट्सॅपवर थँक्यू म्हणून झालं, हात जोडलेले इमोजी पाठवून झाले, पण तेवढ्यानं भागत नाही असं घरात सगळ्यांचं मत पडलं. आणि परक्या देशात आपलं माणूस भेटलं तर काय होतं हे चार लोकांना कळू दे की, म्हणून सगळ्यांसमोरच लिहितेय. नाव टाकू नकोस म्हणालात, नाही टाकत.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगते. स्कॉटलंडचं खूळ मुळात आईचं. १९९८ साली 'कुछ कुछ होता है' बघितल्यापासून तिला तो पाण्यातला किल्ला आणि त्याच्यापर्यंत जाणारा दगडी पूल बघायचा होता. लेकीला हॅरी पॉटरची आगगाडी जाते तो कमानींचा पूल पाहिजे होता, नवऱ्याला बाँड गाडी लावून उभा राहतो ती दरी. मला विचाराल तर मला फक्त स्वैपाक न करता आठवडा काढायचा होता. एका टूरवाल्यानं या सगळ्याची मोट बांधून प्लॅन दिला, एडिनबराहून पहाटे निघायचं, ग्लेन्को (बाँडची दरी तिथलीच), ग्लेनफिनन (लेकीचा पूल), आयलन डोनन (आईचा किल्ला) सगळं एका दिवसात उरकायचं आणि रात्री परत. मावसबहिणीनं तुमचा नंबर दिला म्हणून तो कागद तुम्हाला पाठवला, तर तुमचा व्हॉइस मेसेज आला त्यात पहिली दहा सेकंद तुम्ही नुसत्या हसत होता. मग म्हणालात, होईल की सगळं, पण बसच्या काचेतून.

आणि मग तुम्ही जे प्रश्न विचारले ना ते कुठल्याच टूरवाल्यानं विचारले नव्हते. आईचे गुडघे कसे आहेत, लेकीला वळणांचा त्रास होतो का, आणि पाऊस लागला तर काय करणार, म्हणजे लागणारच आहे, तेव्हा काय करणार. तिथंच मला वाटलं की आता काळजी नाही.

'कुछ कुछ होता है'च्या गाण्याचा तुम्ही जो नकाशा काढून पाठवलात तो मी जपून ठेवलाय. गाण्यात कसं एका ओळीत किल्ला, दुसऱ्या ओळीत डोंगर, तिसऱ्या ओळीत पडका मठ, आपल्याला वाटतं सगळं एकाच आवारात असेल. प्रत्यक्षात आयलन डोनन पार वायव्येला, ग्लासगोहून गाडीनं चारेक तास. टँटलन हा किल्ला पूर्व किनाऱ्यावर, समोर समुद्रात बास रॉकचा सुळका. क्रॉसरॅग्वेल ॲबी खाली नैऋत्येला, आणि इंचमहोमचा मठ तर तळ्यातल्या बेटावर. म्हणजे शाहरुख आणि काजोल एका गाण्यात अर्धा देश पालथा घालून आले. तुम्ही सरळ सांगितलंत, यातलं दोन-तीन ठिकाणी नीट थांबा, बाकीचं गाणं यूट्यूबवर आहेच. टँटलन सोडायला आई तयार नव्हती, तुम्ही तिला फोनवर कसं पटवलंत देव जाणे, मी तासभर डोकं फोडून जमलं नव्हतं.

वर आणि शनिवार-रविवार स्वतःची गाडी घेऊन आमच्याबरोबर आलात. हे मी मागितलं नव्हतं, मागायची हिंमतच नव्हती. एकेरी रस्त्यावर समोरून गाडी आली की कुणी मागं घ्यायची, कडेच्या थांब्यात शिरून वाट कशी द्यायची आणि जाताना हात कसा वर करायचा हे माझा नवरा तुमच्या शेजारी बसून शिकला. (आल्यापासून पसरणी घाटात पण तो हात वर करतो, लोक वळून बघतात.)

ग्लेन्कोचं मला विशेष लिहायचंय. नवऱ्याला 'स्कायफॉल'मधला रस्ता पाहिजे होता, तो बाजूच्या ग्लेन एटिव्हमध्ये आहे, तिथं गाडी थांबवून त्यानं हाताची घडी घालून दहा-बारा फोटो काढून घेतले, जाऊ दे, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. पण नंतर थ्री सिस्टर्सचे ते तीन डोंगर समोर आले, ढग अर्ध्यावर उतरलेले, आणि तुम्ही गाडी लावून १६९२ ची गोष्ट सांगितलीत. नव्या राजाशी निष्ठेची शपथ घ्यायला तिथल्या मॅकडोनल्ड घराण्याच्या प्रमुखाला थोडा उशीर झाला, तेवढं निमित्त. सरकारी सैनिक त्यांच्याच घरी पाहुणे म्हणून उतरले, जवळजवळ दोन आठवडे त्यांचंच खाल्लं-प्यायलं, आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे यजमानांवरच शस्त्रं उगारली. अडतीसच्या आसपास माणसं मारली, आणखी कितीतरी बर्फात पळताना गारठून गेली. आई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, खाल्ल्या घरचे वासे मोजणारे ऐकले होते, हे तर घरच पाडून गेले. आणि त्या सैनिकांचा म्होरक्या कॅम्पबेल घराण्यातला होता म्हणून तिथल्या क्लॅचेग इनमध्ये अजून पाटी आहे, फेरीवाले आणि कॅम्पबेल यांना प्रवेश नाही. गमतीची पाटी आहे हे तुम्ही तीनदा सांगितलंत तरी आई म्हणाली बरं केलं. याच हॉटेलच्या जवळ हॅग्रिडच्या झोपडीचा सेट लावला होता हे तुम्ही लेकीला दाखवलंत, आता तिथं झोपडी-बिपडी काही नाही, नुसता उतार आहे, तरी तिनं त्या उताराचे फोटो काढले.

ग्लेनफिननला तुम्ही आम्हाला आगगाडीच्या वेळेच्या कितीतरी आधी नेऊन उभं केलंत, मी मनात म्हटलं एवढी काय घाई, पण पार्किंग बघितलं आणि गप्प बसले. वाफेच्या इंजिनाची तिकिटं काढायची होती तर तुम्ही म्हणालात आत बसलं की पूल कमी दिसतो, डोंगरावरून बघा. पूल वळणाचा, एकवीस कमानी, तीसेक मीटर उंच, आणि सगळा नुसत्या काँक्रीटचा, आत लोखंडी सळई नाही, १९०१ पासून त्याच्यावरून गाड्या जातायत. मग तुम्ही घोड्याची गोष्ट सांगितलीत. पूल बांधताना एक घोडा गाडीसकट खांबाच्या पोकळीत पडला अशी दंतकथा वर्षानुवर्षं चालत आली होती, तज्ज्ञांनी ग्लेनफिननला तपासलं तर काही नाही, आणि २००१ मध्ये त्याच लाइनवरच्या लॉख नान ऊआम्हच्या पुलात खरंच घोडा आणि गाडी सापडली. झालं! लेकीनं जादूगारांबद्दल विचारणं सोडून दिलं. घोड्याचं नाव काय होतं, त्याला काढलं का नाही, मालक रडला असेल का. इंजिन आलं, शिट्टी वाजली, वाफ सोडली, सगळं सिनेमातल्यासारखं झालं, आणि ती मला विचारतेय, आई, पण तो घोडा अजून आतच आहे?

खाली तळ्याकाठी जो खांब आहे, वर घागऱ्यातला शिपाई उभा, तिथं घराण्याची गेलेली गादी परत मिळवायला आलेल्या प्रिन्स चार्लीनं १७४५ मध्ये झेंडा उभारला हेही तुम्ही सांगत होता पण तेवढ्यात ते बारीक चावरे किडे आले. मिजेस! तुम्ही डोक्यावरून घ्यायच्या जाळ्या आमच्यासाठी पण आणल्या होत्या. वारा सुटला की ते पळतात, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी थंडगार वारा सुटावा म्हणून प्रार्थना केली.

आणि आयलन डोनन. तीन समुद्री खाड्या मिळतात तिथं तो किल्ला, आईनं पुलावर पाऊल ठेवलं आणि ती रडायलाच लागली, आम्हाला काही सुचेना, तुम्ही मात्र तिचा हात धरून सावकाश चालत राहिलात. मध्यावर तिनं विचारलं की केवढा जुना असेल हो हा पूल, आणि तुम्ही खोटं बोलला नाहीत. मूळ किल्ला तेराव्या शतकातला, पण १७१९ मध्ये जॅकोबाइट बंडाच्या वेळी (म्हणजे त्याच चार्लीच्या घराण्याला परत गादीवर बसवायचं बंड) स्पॅनिश सैनिक आत बसले होते, इंग्रजांच्या लढाऊ जहाजांनी तोफा डागल्या आणि उरलेलं दारूनं उडवून दिलं. मग जवळजवळ दोनशे वर्षं नुसता ढिगारा. मॅक्रे घराण्यातल्या एका माणसानं तो विकत घेऊन वीस वर्षं खपून परत उभा केला, तो पुरा झाला १९३२ मध्ये, आणि हा पूलही तेव्हाचाच. मला वाटलं आईचा हिरमोड होणार. ती डोळे पुसून म्हणाली, म्हणजे आमच्या सासूबाईंच्या वयाचा, तरीच एवढा ताठ!

तिथं मला आमची वाई आठवली. मेणवलीच्या घाटावर 'स्वदेस'चं शूटिंग झालं तेव्हापासून लोक येतात आणि विचारतात, शाहरुख कुठं बसला होता. पाठीमागं नाना फडणवीसांचा वाडा, बाजूला वसईच्या विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा, तिकडं ढुंकून बघत नाहीत, आणि आम्ही वाईकर त्यांना हसतो. आता तेच आम्ही किल्ल्यासमोर मोबाइलवर गाणं लावून तीच जागा शोधत होतो. तुम्ही हसला नाहीत, उलट गाण्यातली फ्रेम तुम्हीच जुळवून दिलीत, आईला नेमकं उभं केलंत, फोटो काढलात, आणि मग १७१९ सांगितलंत. हा क्रम मला फार आवडला. आधी माणसाला जे बघायला आलाय ते पोटभर बघू द्यायचं. मी आता मेणवलीत तसंच करते, परवा पुण्याच्या एका कुटुंबाला आधी शाहरुख दाखवला आणि मग घंटेपाशी नेलं, त्यांची आजी अर्धा तास हलेना.

येताना डून किल्ल्यात दोन करवंट्या हातात घेऊन लेक टापांचा आवाज काढत अंगणभर धावली, तिथं शूटिंग झालेल्या 'माँटी पायथन'च्या विनोदी इंग्रजी सिनेमात असंच करतात, त्याचं तिला काही माहीत नाही पण करवंट्या मिळाल्या म्हणजे झालं. तुमचा डबा पण लिहायला पाहिजे, थालीपीठ आणि लसणाची चटणी, पावसात गाडीच्या काचा वर करून खाल्लेलं, गाडीला अजून वास येत असेल तर सॉरी.

पैशाचं तुम्ही काही घेतलं नाहीत, पेट्रोलचेसुद्धा नाही, त्यावरून नवरा आणि मी अजून भांडतो. तेव्हा आता वाईला यायचंच आहे. थंडीत या, पाचगणीला स्ट्रॉबेरी असते, ढोल्या गणपती, मेणवली, नंतर प्रतापगड, प्लॅन मी करणार आणि तुम्ही त्याला हसायचं नाही. तिकिटं काढली की तारीख कळवा, आई रोज विचारतेय की तुमच्या मिस्टरांना तिखट चालतं का.

तुमचीच,
वाईची धाकटी बहीण